सीट अडकली होती

“टाँग कैसी है, स्क्वॉड्रन लीडर?” मेजर अन्सारीनं विचारलं.

“फर्स्ट क्लास,” इंगवले सर म्हणाले आणि सिगारेटचा धूर त्यांनी डॉक्टरच्या तोंडासमोर सोडला.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, आपलेच कान बिघडलेत. हाच माणूस थोड्या वेळापूर्वी टॉवेलचं टोक दातात धरून खाटेवर वळवळत होता. आणि जन्मात कधी सिगारेटला न शिवलेला हा माणूस आता एकामागून एक सिगारेटी ओढत होता, कारण प्लास्टरमधून येणारा वास डॉक्टरच्या नाकापर्यंत पोचू द्यायचा नव्हता. सिगारेटी पहाऱ्यावरच्या हवालदाराकडून मागून घेतलेल्या होत्या. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी चेहऱ्यावर लग्नातल्या यजमानासारखं हसू.

“दर्द?”

“बिलकुल नहीं. खाना खराब है, चाय उससे खराब है, कंबल में खटमल हैं. टाँग फर्स्ट क्लास है.”

मेजर अन्सारी भला माणूस होता. सगळ्या छावणीला मिळून तो एकटाच डॉक्टर, आठवड्यातून एकदा यायचा. त्यानं प्लास्टरवर बोटानं टकटक केलं, खटमलांबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि माझ्याकडे वळला. “आपके साहब ठीक हैं ना?”

इंगवले सरांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हटलं, “जी.”

दार बंद झालं, कडी बाहेरून लागली, आणि सरांनी सिगारेट भिंतीवर चिरडली. “काय बघालास लेका? खिडकी उघड. मरायला झालंय धुरानं.”

खिडकीला गज होते आणि काच नव्हती. ती उघडीच होती. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

ही एकाहत्तरच्या लढाईनंतरची गोष्ट आहे. लढाई संपून बरेच दिवस झाले होते, पण आम्ही दोघं अजून सीमेपलीकडच्या पंजाबात एका युद्धकैद्यांच्या छावणीत पडलो होतो. स्क्वॉड्रन लीडर दत्ताजीराव इंगवले, राहणार गडहिंग्लज, कॅनबेरा बॉम्बरचे पायलट. आणि मी, फ्लाइंग ऑफिसर रवींद्र गुप्ते, राहणार पेण, त्यांचा नॅव्हिगेटर. त्यांनी विमान उडवायचं आणि मी वाट दाखवायची, बॉम्ब टाकायचे. मेसमध्ये ते इंग्रजी बोलायचे, रेडिओवर इंग्रजी बोलायचे, पण चिडले की थेट गडहिंग्लजला जाऊन पोचायचे. छावणीत ते कायमचेच तिथे राहायला गेले होते.

आमच्या प्रकारच्या कॅनबेराबद्दल एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. तीत पायलटला इजेक्शन सीट होती, नॅव्हिगेटरला नव्हती. पायलटच्या डोक्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक मूठ असायची. ती दोन्ही हातांनी खाली ओढली की तिच्याबरोबर कापडी पडदा तोंडावर यायचा आणि बार होऊन माणूस सीटसकट आभाळात. नॅव्हिगेटर पुढे विमानाच्या नाकाडात पालथा पडून काम करायचा. त्याला बाहेर पडायचं तर सरपटत मागे यायचं, पॅराशूट छातीला अडकवायचं, बाजूचं दार उघडायचं आणि उडी मारायची. विमान उंचावर असेल तर हे जमतं. खाली असेल तर यातलं काहीही जमत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आमच्या बायका तर कधीच बोलायच्या नाहीत.

त्या दिवशी आम्ही एका धावपट्टीवर बॉम्ब टाकून परत फिरलो होतो. उजाडायला लागलं होतं. खालून तोफांचा मारा झाला आणि उजव्या इंजिनानं पेट घेतला. थोड्या वेळानं डावंही आचके द्यायला लागलं. झाडांचे शेंडे मला नाकाडातून स्वच्छ दिसत होते.

“गुप्ते, वर ये,” कानात आवाज आला.

मी सरपटत मागे आलो. पायलटच्या बाजूला, जरा खाली, एक घडीची बैठक असते, तीवर बसलो. उडी मारायची उंची राहिली नव्हती हे दोघांनाही दिसत होतं.

“पट्टा बांध. डोकं गुडघ्यात घाल. वर बघू नको.”

मी डोकं गुडघ्यात घातलं. पुढचं मी काहीच पाहिलं नाही. फक्त ऐकलं, आणि ते आवाज अजून कधीकधी ऐकू येतात.

शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही उसात होतो. एकरच्या एकर ऊस आडवा झाला होता, मागे धूर निघत होता. माझा एक दात पडला होता आणि बाकी मी धडधाकट होतो. सरांचा डावा पाय रडर पेडलमध्ये चेमटला होता. मी त्यांना ओढून फुटक्या दारातून बाहेर काढलं, बांधावर निजवलं. त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, “ह्येंचा ऊस बघ की. पेरं किती बारीक. पाणी देत न्हाईत जणू.”

मी विचारलं, “सर, तुम्ही बाहेर का नाही पडलात? तुम्हाला तर उंची पुरेशी होती.”

“पडत हुतो की. मूठ वडली. दोनदा वडली. सीट अडकली.” मग कण्हत म्हणाले, “न्हाईतर मी काय तुझ्यासाठी थांबालोय व्हय?”

तोवर गावकरी काठ्या घेऊन धावत आले, त्यांच्यामागून सैनिक आले आणि आमची वरात निघाली. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं ते बसलंच.

एरवी मी मनाला समजावलं असतं. लढाई होती, विमान पेटलेलं होतं, माणूस जीव वाचवणारच. पण इंगवले सरांनी मला विसरू दिलं तर ना! एकाच खोलीत, दोन खाटा, आणि दिवसभर ते एकच पुराण.

“ती सीट चालली असती तर आज मी आग्र्याला मेसमध्ये बसलो असतो. हातात बियर.”

“हो सर.”

“हितं ही डाळ. ही डाळ हाय? ह्यात डाळ टाकायला इसरलेत ही.”

“हो सर.”

“सगळा त्या सीटचा दोष.”

चहा आला की चहाला शिव्या. चहा पांचट, चहा कडू, चहात बकरीचं दूध. एवढ्या दिवसांत या माणसानं एका कपाला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या तळावरही ऐकलं नव्हतं. पहाऱ्यावरचा हवालदार शेरबाज तर आपला चहा बाहेरच ठेवून आत यायचा. उशी टणक, पाणी मचूळ, पहारेकरी घोरतो, गुप्ते घोरतो. मी मासे खाणारा म्हणून घोरतो असाही एक शोध त्यांनी लावला होता. जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल तक्रार. फक्त ज्या गोष्टीबद्दल तक्रार करायला हवी होती, त्या पायाबद्दल डॉक्टरसमोर तोंडाला कुलूप!

यामागे एक कारण होतं, आणि ते फक्त आमच्याच धंद्यातल्या माणसाला सुचेल असं होतं. पायलट डॉक्टरला काही सांगत नाही. सर्दी झाली तरी सांगत नाही. कारण डॉक्टर पायलटला देऊ काहीच शकत नाही, काढून मात्र घेऊ शकतो. त्याच्या एका सहीनं माणूस जमिनीवर येतो. इंगवले सरांना एकदा कावीळ झाली होती, तेव्हा डोळ्यांचा पिवळेपणा दिसू नये म्हणून ते काळा गॉगल लावून हिंडले होते, रात्री जेवायला बसतानासुद्धा. अख्ख्या स्क्वॉड्रनला ठाऊक होतं, डॉक्टर सोडून. आणि पायलटचं दुखणं नॅव्हिगेटरनं बाहेर बोलायचं नाही, हा तर न लिहिलेला कायदाच होता. कॉकपिटमधलं कॉकपिटमध्ये.

पण आता कुठलं कॉकपिट होतं? दिवस जात होते आणि त्यांचा ताप वाढत होता. प्लास्टरच्या खाली काय चाललंय ते बघायची सोय नव्हती, पण वास सांगत होता. घोट्याजवळ प्लास्टरच्या कडेनं दिसणारी कातडी काळपट निळी झाली होती.

अशातच शेरबाजनं बातमी आणली की जखमी कैद्यांची अदलाबदल होणार आहे. दोन्हीकडचे वाईट जखमी लोक आधी घरी जाणार. कोण जाणार ते मेजर अन्सारी ठरवणार.

मी हर्षानं उडालोच. “सर! सुटलात! आता डॉक्टर आला की फक्त खरं सांगा. पंधरवड्यात घरी जाल.”

“आणि?”

“आणि काय? वहिनी, मुली—”

“आणि पहिल्या दिवशी पाय कापतील. मग काय उडवू? बैलगाडी?”

“अहो, पण जीव—”

“काय हुत न्हाई जिवाला. घरी गेल्यावर आपल्या डॉक्टरला दावतो. आपला डॉक्टर वाचवील.”

“आपल्या डॉक्टरला तुम्ही कावीळ दाखवली नाहीत, पाय दाखवणार?”

“गुप्ते, तोंड सांभाळ.”

“घरी जायला आधी इथून सुटावं लागेल! सगळ्यांबरोबर सुटका कधी होईल, वर्षानं होईल का दोन वर्षांनी, कुणाला माहीत? तोवर तुम्ही राहाल का?”

ते उठून बसायला गेले, जमलं नाही, तसेच पडून म्हणाले, “ऐक. हा माझा हुकूम हाय. डॉक्टरसमोर तू अवाक्षर काढायचं न्हाई. काढलंस तर परत गेल्यावर तुझं कोर्ट मार्शल. कळलं?”

माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचा सगळा वैताग एकदम वर आला. “ठीक आहे. तुमचा पाय, तुमचं काय ते तुम्ही बघा. सीट चालली असती तर तुम्ही मला तिथे सोडून गेलाच होता. मग मी तरी कशाला जिवाचा आटापिटा करतोय तेच मला कळत नाही!”

माझ्या मते हे त्यांना लागायला हवं होतं. पण ते छताकडे बघत शांतपणे म्हणाले, “बरोबर हाय. नको करू. सोपं हुईल दोघांना.”

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाण्याचा पेला द्यायचा, पाठीमागे कांबळं सारायचं, आणि आपल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करायचं. ते मात्र बोलतच होते. डाळ, उशी, सीट. ताप चढला की आवाज बारीक व्हायचा, पण तक्रार तीच. मला त्यांचा इतका संताप यायचा की सांगायची सोय नाही. आणि रोज सकाळी जाग आली की पहिल्यांदा मी त्यांचा श्वास चालू आहे का ते बघायचो. त्याचाही संताप यायचा.

एका दुपारी शेरबाज मला न्यायला आला. फक्त मला. छावणीच्या कचेरीत त्यांच्या हवाई दलाचा एक इंजिनिअर अधिकारी बसला होता, तरुण, गोरापान, आणि रागानं लाल झालेला. बस म्हणाला नाही.

“तुमच्या विमानात तुम्ही काय लावून ठेवलं होतं?” त्यानं उर्दूत विचारलं.

“कुठे? कशाबद्दल?”

“सीटमध्ये! पायलटच्या!”

मला काही समजेना. तो टेबलावर मूठ आपटत सांगायला लागला. आमच्या विमानाचा सांगाडा त्यांनी उसातून उचलून एका शेडमध्ये आणून ठेवला होता. त्यांचा एक म्हातारा मिस्त्री सीट सोडवायला आत उतरला. खरं तर आधी बार निकामी करायचा, पण त्याला वाटलं, इतकं आपटलेलं विमान, आता काय उरलंय त्यात. त्याचा हात चुकून वरच्या मुठीत अडकला आणि सीट शेडचे पत्रे फोडून गेली.

“बिचाऱ्याचा खांदा मोडला. नशीब, डोकं बाजूला होतं. सच बोलिए, मुद्दाम सापळा लावला होता ना?”

“सापळा नाही,” मी म्हटलं. “पण ती सीट... ती तर बिघडलेली होती. अडकलेली होती.”

“अडकलेली?” तो हसला, पण हसू रागाचंच होतं. “ज़रा-सा हाथ लगा और छत उड़ गई! अशी चालू सीट मी बघितली नाही.”

“मूठ ओढूनही चालली नव्हती. आमच्या साहेबांनी दोनदा ओढली होती.”

“कुणी ओढली? मी स्वतः फोटो काढलेत काम सुरू करायच्या आधी. मूठ जागच्या जागी होती. पडदा आत घडी घातलेला होता, कारखान्यातून आल्यासारखा. ओढली असती तर पडदा बाहेर नसता आला?” त्यानं मान हलवली. “उसे किसी ने छुआ तक नहीं, जनाब.”

त्यानं पुढे आणखी काय काय विचारलं आणि मी काय उत्तरं दिली, मला आठवत नाही. शेवटी सापळा नव्हता असं त्याला पटलं असावं, कारण जाताना त्यानं मला चहा पाजला. चांगला होता.

खोलीकडे परत येताना मला आधी राग आला. नुसता राग नाही, असा की वाटलं, आत जाऊन या माणसाची मानगूट धरावी. इतके दिवस! इतके दिवस मी या माणसाचा मनातल्या मनात तिरस्कार केला, त्याच्याकडे पाठ करून निजलो, आणि हा इसम रोज सकाळ-संध्याकाळ ती सीट, ती सीट म्हणून मला टोचत राहिला. मग अंगणातल्या नळापाशी आलो आणि थांबलो. शेरबाजला म्हटलं, जरा पाणी पितो. तोंडावर पाणी मारत मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. तो बिचारा दुसरीकडे बघत राहिला.

आत गेलो तर सर डोळे मिटून पडलेले. चेहरा मेणासारखा.

“कशाला बोलावलं हुतं?”

“काही नाही. चौकशी.”

“मारलं?”

“नाही. चहा दिला.”

“कसला?”

“चांगला.”

“तुला काय कळतंय चहातलं,” ते पुटपुटले.

मी त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. त्यांनी तो ओला जास्त आहे म्हणून तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी मेजर अन्सारी आला. सरांनी सिगारेट पेटवून ठेवलीच होती, पण राख अंगावर पडत होती तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“टाँग कैसी है, स्क्वॉड्रन लीडर?”

“फर्स्ट क्लास.”

“झूठ बोल रहे हैं,” मी म्हणालो.

सरांनी हळूहळू माझ्याकडे मान वळवली. त्या डोळ्यांत जो राग होता तसा मी पुढे कधी कुणाच्या डोळ्यांत बघितला नाही.

“गुप्ते.”

“ताप आहे, डॉक्टरसाहेब. कितीतरी दिवसांपासून आहे. रात्री बरळतात. सिगारेट हे कधीच ओढत नाहीत, वास लपवायला ओढतात. ती विझवा आणि प्लास्टर कापा.”

“गुप्ते! हुकूम दिलाय तुला मी!”

“जी, दिलाय,” मी डॉक्टरलाच सांगितलं. “तो मी मोडतोय. कापा तुम्ही.”

मेजर अन्सारीनं सरांच्या बोटांतून सिगारेट काढून घेतली. खाली वाकला, नाक प्लास्टरजवळ नेलं, आणि ताडकन उभा राहून दाराकडे ओरडला. स्ट्रेचर, अँब्युलन्स, कात्री. शेरबाज धावत सुटला. डॉक्टर त्याच्या मागोमाग बाहेर गेला आणि आम्ही दोघंच उरलो.

सर थरथरत होते. ताप होता की संताप, सांगता येत नव्हतं.

“माझं उडणं संपवलंस तू,” ते म्हणाले. “तू. माझ्या नॅव्हिगेटरनं. ती सीट चालली असती ना, तर मी तुला तितंच सोडून गेलो असतो आणि लई बरं झालं असतं!”

“सीट चालली, सर.”

“काय?”

“चालली. परवा चालली. त्यांच्या मिस्त्रीचा हात लागला आणि शेडचे पत्रे फोडून गेली. पडदा घडीतच होता, सर. मूठ कुणी ओढलीच नव्हती.”

ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी धावत असल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल.

“मिस्त्री जगला?” त्यांनी विचारलं.

“जगला. खांदा मोडला.”

“हं.” त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. “नको तवा चालली भिकारडी.”

“का खोटं बोललात? का बोललात माझ्याशी खोटं?” माझा आवाज फुटला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

“मग काय सांगू? तू खाली डोकं गुडघ्यात घालून बसलेलास. शेंबड्या पोरासारखा. तुला टाकून वर जाऊ?” भिंतीकडेच तोंड करून ते बोलत होते. “आणि खरं सांगितलं असतं तर तू जन्मभर माझ्याकडं गाईसारखं बघत बसला असतास. आता बघालास तसं. नगं मला तसलं. कुणाला बोललास तर बघ.”

स्ट्रेचर आलं. त्यांना उचलताना ते एकदा ओरडले, आणि मग स्ट्रेचरचं कापड ढिलं आहे म्हणून त्या दोन शिपायांना उर्दूत शिव्या देत गेले. दाराबाहेरून शेवटचं ऐकू आलं ते माझ्याचबद्दल होतं, आणि ते इथे लिहिण्याजोगं नाही.

पाय त्यांनी गुडघ्याखाली कापला. मेजर अन्सारीनं मला येऊन सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर माणूसच गेला असता. पहिल्याच अदलाबदलीत सर घरी गेले. मी बहात्तर सालाच्या अखेरीस सुटलो. वाघा सीमेवर आम्हाला घ्यायला आलेल्या गर्दीत कुबड्या घेऊन एक माणूस उभा होता आणि माझ्या पुढ्यात येऊन त्यानं पहिलं वाक्य टाकलं, “जाडा झालास. बरी मानवली की डाळ.”

कोर्ट मार्शल झालं नाही. पण शिक्षा झाली, आणि ती बरीच वर्षं चालली. सर कोल्हापूरला स्थायिक झाले, लाकडी पायानं जिना चढत, जिन्याला नावं ठेवत. जिथे चार माणसं जमतील तिथे त्यांचं एक ठरलेलं भाषण असायचं. “मला आयुष्यात दोघांनी दगा दिला. एक ती सीट आणि दुसरा हा गुप्ते.” लोक हसायचे. मीही हसायचो. माझ्या बायकोला, सुलभाला, ते आवडायचं नाही. “इतकी वर्षं झाली, पुरे की आता,” ती म्हणायची. “त्यांचा जीव तुम्ही वाचवलात आणि वर तुम्हालाच बोल? शिवाय सीट चालली असती तर तुम्हाला टाकून जाणार होते, हे असं चारचौघांत सांगतात तरी कसे?” मी विषय बदलायचो.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सर खास आमच्या पुण्याच्या घरी आले. बैठकीत व्याही मंडळी होती, जावई होता. जावई विमानांचा इंजिनिअर, हुशार मुलगा, आणि हुशार मुलांना असते तशी गप्प न बसायची खोड त्यालाही होती. चहा आला. सरांनी कप हातात घेतला, भाषण सुरू केलं आणि कप तसाच राहिला. उसापर्यंत आले, बारीक पेरांपर्यंत आले, आणि मग, “मूठ वडली. दोनदा वडली. सीट अडकली!”

“काका, पण तसं होत नाही,” जावई म्हणाला.

“काय हुत न्हाई?”

“त्या सीटचा मी अभ्यास केलाय. ती मूठ अशी अडकत नाही. आणि दोनदा ओढायचा प्रश्नच नाही. एकदा ओढली की पडदा बाहेर येतो, आणि आला की...” तो थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते. “म्हणजे, ओढलीच नसेल तरच.”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी त्यांना रागावलेले पाहिले होते, तापलेले पाहिले होते, कण्हताना पाहिले होते. असे कधी पाहिले नव्हते. पकडलेल्या चोरासारखे ते हातातल्या कपाकडे बघत बसले. सुलभा हातातला ट्रे तसाच धरून माझ्याकडे बघायला लागली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू जुळत चाललेलं मला दिसलं.

“अडकली होती,” मी म्हणालो.

“पण बाबा—”

“अरे, तू पुस्तकात वाचलंस. मी शेजारी बसलो होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. यांनी दोन्ही हातांनी ओढली, आणि ती जाम हलली नाही.”

कुणीतरी पेढ्यांचं ताट पुढे केलं आणि बोलणं हॉलच्या बुकिंगवर गेलं. मग सरांनी तो कप तोंडाला लावला. चहा एव्हाना पार थंडगार झाला होता, वर जाड साय धरली होती. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

“वहिनी,” कप खाली ठेवत ते सुलभाला म्हणाले, “चहा फक्कड झालाय.”